खो-खोमधील वैयक्तिक पुरस्कार

खो-खोमधील वैयक्तिक पुरस्कार हे खो-खोच्या राष्ट्रीय व राज्य अजिंक्यपद स्पर्धांत प्रत्येक गटातील एका सर्वोत्कृष्ट खेळाडूस दिले जाणारे सन्मान होत. पुरुष गटातील एकलव्य पुरस्कार आणि महिला गटातील राणी लक्ष्मीबाई पुरस्कार हे त्यांतील सर्वोच्च मानले जातात. खो-खो हा पूर्णतः सांघिक खेळ आहे. त्यात एकट्याने काहीच साधत नाही. अशा खेळात एकाच खेळाडूस 'सर्वोत्कृष्ट' ठरवायचे तर ते कशाच्या आधारे, हा प्रश्न या पुरस्कारांइतकाच जुना आहे. राष्ट्रीय स्पर्धा उपान्त्य फेरीपर्यंत आली की मैदानाभोवती त्याची चर्चा सुरू होते आणि पारितोषिक वितरण झाल्यावरही ती पुरती थांबत नाही.

पुरस्कारांची नावे

पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. त्यानंतरच्या वर्षी कोल्हापूरच्या स्पर्धेत महिलांचा गट आला. १९६३-६४ पासून वैयक्तिक पारितोषिकांची प्रथा सुरू झाली आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या सन्मानास एकलव्याचे नाव मिळाले. पुढे गट वाढत गेले तसे पुरस्कारही वाढले. आज राष्ट्रीय पातळीवर पुरुषांसाठी एकलव्य, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई, कुमारांसाठी वीर अभिमन्यू, कुमारींसाठी जानकी, किशोरांसाठी भरत आणि किशोरींसाठी इला असे सहा पुरस्कार आहेत.

महाराष्ट्राच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेतील पुरस्कारांची नावे वेगळी आहेत. पुरुष व महिला गटांत अनुक्रमे राजे संभाजी व राणी अहिल्या, कुमार-मुली गटांत विवेकानंद व सावित्री, तर किशोर-किशोरी गटांत राणाप्रताप व हिरकणी हे पुरस्कार अष्टपैलू कामगिरीसाठी देण्यात येतात. यांतील हिरकणी हे नाव विशेष समर्पक वाटते. तान्ह्या बाळासाठी रात्रीच्या अंधारात रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव चपळाई आणि धैर्य यांवर उभ्या असलेल्या खेळातील मुलींच्या पुरस्काराला लाभावे, यात कल्पकता आहे.

एकलव्याच्या नावाने इतरही पुरस्कार आहेत. महाराष्ट्र शासनाचा दिव्यांग खेळाडूंसाठीचा पुरस्कार 'एकलव्य राज्य क्रीडा पुरस्कार' या नावाने दिला गेला आहे. मध्य प्रदेश शासनाचा कनिष्ठ खेळाडूंसाठीचा पुरस्कारही एकलव्याच्याच नावाचा आहे. प्रस्तुत लेखातील पुरस्काराशी त्यांचा संबंध नाही.

एकलव्य आणि अर्जुन

महाभारतातील एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा पुत्र. द्रोणाचार्यांनी शिष्य म्हणून नाकारल्यावर त्याने त्यांची मातीची मूर्ती करून वनात स्वतःच धनुर्विद्या साधली. पुढे द्रोणांनी गुरुदक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागितला, कारण अर्जुनाहून श्रेष्ठ धनुर्धर होणार नाही असे वचन त्यांनी अर्जुनाला दिले होते. 'सर्वश्रेष्ठ कोण?' या वादाची आपल्या परंपरेतील ही बहुधा सर्वांत तीक्ष्ण कथा आहे. तीत निकाल गुणवत्तेने लागत नाही, तो आधीच लागलेला असतो. आणि गुणवत्ता त्या निकालाला आडवी येते म्हणून तिचा अंगठा कापला जातो.

भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत खो-खोने आपल्या सर्वोच्च वैयक्तिक सन्मानासाठी एकलव्याचे नाव घेतले. त्यामुळे खो-खोच्या जगात एक विलक्षण स्थिती निर्माण झाली आहे. येथे खेळाडू आधी 'एकलव्य' होतो आणि 'अर्जुन' होण्याची वाट पाहतो.

गुणतक्ता काय सांगतो

निवडीचा वाद समजण्यासाठी खेळाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. संघातील नऊ खेळाडू प्रत्यक्ष मैदानात उतरतात. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवरील चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. संरक्षण करणारा संघ तीन-तीन जणांच्या तुकड्यांनी मैदानात येतो. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो, किंवा बसलेल्या सहकाऱ्याला 'खो' देऊन पाठलाग त्याच्या हाती सोपवावा लागतो. संरक्षकावर मात्र असे बंधन नसते. प्रचलित पद्धतीत प्रौढ गटांत आक्रमणाची एक पाळी नऊ मिनिटांची असते आणि दोन डावांत मिळून प्रत्येक संघ दोनदा आक्रमण व दोनदा संरक्षण करतो.

गुणलेखक प्रत्येक संरक्षकाच्या नावापुढे तो किती वेळ टिकला, त्याला कोणी बाद केले आणि कसे बाद केले, म्हणजे साध्या स्पर्शाने, सूर मारून, खांबावर की मैदानाबाहेर गेल्याने, याची नोंद करतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'अमुकने २.१० मिनिटे संरक्षण करीत तीन गडी बाद केले' अशी जी ओळ येते, ती या तक्त्यातून उचललेली असते. वैयक्तिक पुरस्काराच्या चर्चेत हाच तक्ता मुख्य साक्षीदार असतो. साक्षीदार प्रामाणिक आहे, पण त्याची दृष्टी मर्यादित आहे.

पहिली मर्यादा संरक्षणाच्या वेळेची. एका वेळी मैदानात तीन संरक्षक असतात आणि पाठलाग त्यांपैकी एकाचाच चाललेला असतो. जो कसलेला संरक्षक आहे तो आक्रमकाला आपल्यामागे ओढून घेतो, जेणेकरून दमलेल्या सोबत्याला श्वास घेता यावा. उलट, एखाद्याच्या वाट्याला मोठी वेळ येते ती आक्रमक दुसऱ्यांच्या मागे असल्यामुळेही येऊ शकते. मिनिटांचा आकडा कोणाच्या पाठी किती धाव होती हे सांगत नाही.

दुसरी मर्यादा आक्रमणाची, आणि ती अधिक गंभीर आहे. तक्त्यावर नाव लागते ते शेवटचा स्पर्श करणाऱ्याचे. परंतु खो-खोतील बहुतेक गडी शेवटच्या स्पर्शाने बाद होत नाहीत. ते त्याआधीच्या तीन-चार खोंनी बाद झालेले असतात. संरक्षकाला एका बाजूने दाबत नेणे, त्याची एकेरी साखळी तोडणे, तो वळणार हे ओळखून अर्ध्या पावलाआधी खो देणे, आणि मग खांबाजवळ उभ्या ठाकलेल्या सोबत्यासाठी त्याला मोकळा करणे ही कामे तक्त्यात कोठेच नोंदली जात नाहीत. परिणामी खांबाच्या जवळ खेळणारा, सूर मारण्यात वाकबगार असलेला खेळाडू तक्त्यावर ठळक दिसतो. मधल्या चौकोनांत बसणारा, ज्याच्या खोच्या अचूकपणावर संघाचे आक्रमण उभे असते तो, कोऱ्या रकान्यात राहतो. प्रशिक्षकांना विचारले तर ते अशा खेळाडूला सोडायला तयार नसतात. पुरस्कारासाठी त्याचे नाव मात्र क्वचितच कोणी सुचवतो.

मिनिटे आणि गडी

सर्वांत चिवट वाद आहे तो संरक्षण व आक्रमण यांची सांगड कशी घालायची याचा. संरक्षण वेळेत मोजले जाते, आक्रमण गुणांत. दोन वेगवेगळ्या मापांची बेरीज करायची कशी?

समजा, एका सामन्यात दोन प्रतिस्पर्धी दावेदार आहेत. पहिल्याने दोन डावांत मिळून ४ मिनिटे संरक्षण केले आणि ३ गडी बाद केले. दुसऱ्याने २ मिनिटे संरक्षण केले आणि ५ गडी बाद केले. मैदानात साधारण मिनिटाला एक गडी बाद होत असेल, तर संरक्षकाने काढलेले प्रत्येक मिनिट म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा वाचवलेला एक गुण, असे धरता येते. तसे केले तर पहिल्याचे ४ अधिक ३ म्हणजे ७ आणि दुसऱ्याचे २ अधिक ५ म्हणजेही ७. दोघे बरोबरीत.

आता हाच हिशेब वेगळ्या परिस्थितीत करून पाहावा. सामना जर दोन मजबूत संरक्षण असलेल्या संघांचा असेल आणि गडी बाद व्हायला सरासरी दीड मिनिट लागत असेल, तर संरक्षणाचे एक मिनिट दोन-तृतीयांश गुणाइतकेच उरते. पहिल्याचे मूल्य सुमारे ५.६७ होते, दुसऱ्याचे ६.३३. दुसरा पुढे जातो. उलट, आक्रमण झंझावाती असेल आणि पाऊण मिनिटाला एक गडी पडत असेल, तर पहिल्याचे ८.३३ व दुसऱ्याचे ७.६७ होतात आणि पहिला पुढे जातो. आकडे तेच, खेळाडू तेच, कामगिरीही तीच. केवळ सामन्याचा वेग बदलला आणि निकाल उलटला. म्हणून 'मिनिटे आणि गडी यांची बेरीज करून टाका' हे वरवर निःपक्ष वाटणारे सूत्र प्रत्यक्षात निःपक्ष नाही. गडी मिळवणे अवघड असलेल्या सामन्यात गड्याला अधिक मोल आणि टिकणे अवघड असलेल्या सामन्यात टिकण्याला अधिक मोल, हे जाणकार प्रेक्षकाला आपोआप कळते. सूत्राला ते शिकवावे लागते.

खेळाच्या नियमांनी मात्र एका ठिकाणी वेळेला थेट निर्णायक मान दिला आहे. सामना बरोबरीत सुटून जादा डावानेही निकाल लागला नाही, तर 'लघुत्तम आक्रमण' खेळवले जाते. ज्या संघाने पहिला गडी कमी वेळात बाद केला तो विजयी. तेथे सेकंद म्हणजेच गुण.

आणखी एक गुंता फारसा चर्चिला जात नाही. आघाडी घेतलेल्या संघाला, ती पुरेशी मोठी असल्यास, प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दुसऱ्यांदा आक्रमण करायला लावता येते. त्यातही पिछाडी भरून निघाली नाही, तर सामना 'एक डाव राखून' जिंकला जातो आणि विजेत्या संघाला दुसरे आक्रमण करावेच लागत नाही. याचा अर्थ असा की जो संघ सर्वांत जबर, त्याच्या आक्रमकांना साखळी फेरीत गडी बाद करण्याची संधी निम्मीच मिळते. अटीतटीच्या सामन्यांत दमछाक होईपर्यंत चारही पाळ्या खेळणाऱ्या मध्यम संघातील खेळाडूचे एकूण आकडे त्यामुळे फुगलेले दिसू शकतात. निवड करणारे सगळ्या सामन्यांची बेरीज न पाहता उपान्त्य व अंतिम सामन्यांना झुकते माप देतात, त्यामागे हेही एक रास्त कारण आहे. पण त्या उपायातून दुसरा प्रश्न जन्मतो. ज्याचा संघ उपान्त्यपूर्व फेरीतच गारद झाला, त्याचा खेळ पाहायचा कोणी?

अन्य देशांतील व खेळांतील उदाहरणे

हा प्रश्न खो-खोपुरता मर्यादित नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या (हातात चेंडू घेऊन खेळल्या जाणाऱ्या त्यांच्या फुटबॉलच्या) सर्वोत्कृष्ट खेळाडूला १९३५ पासून हाइसमन करंडक दिला जातो आणि दर वर्षी त्यावर देशभर खल होतो. त्या खेळात आक्रमण करणारे आणि बचाव करणारे खेळाडू वेगळे असतात. करंडक बहुतेक वेळा आक्रमकांकडे, त्यातही चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराकडे जातो. मुख्यतः बचावपटू असलेल्या खेळाडूने तो जिंकल्याचे उदाहरण म्हणजे १९९७ मधील चार्ल्स वुडसन. २०२४ मध्ये तो ट्रॅव्हिस हंटरला मिळाला, तो आक्रमण व बचाव या दोन्ही बाजूंनी खेळत असे. आपल्या भाषेत सांगायचे तर तो अष्टपैलू होता. युरोपीय फुटबॉलमध्ये १९५६ पासून दिला जाणारा बॅलन डी'ऑर आजवर एकाच गोलरक्षकाने जिंकला आहे, तो म्हणजे १९६३ मध्ये सोव्हिएत संघाचा लेव याशिन. जे अडवतात त्यांच्यापेक्षा जे मिळवतात ते नजरेत भरतात, हा दोष सर्वत्र सारखाच आहे.

हाइसमन करंडकाच्या निवडपद्धतीतील एक व्यवस्था मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. त्यासाठी पत्रकारांची ८७० मते असून देशाचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाला समान, म्हणजे १४५ मते दिलेली आहेत. शिवाय हयात माजी विजेत्यांना मताधिकार आहे आणि चाहत्यांचे मिळून एक मत धरले जाते. मोठ्या शहरांच्या व प्रसिद्ध विद्यापीठांच्या वजनाखाली दूरचे प्रांत दबू नयेत, असा विभागवार वाटणीचा हेतू आहे. खो-खोचे वैयक्तिक पुरस्कार मतदानाने ठरत नाहीत. ते स्पर्धेच्या ठिकाणीच, प्रत्यक्ष खेळ व गुणतक्ता पाहून निश्चित होतात आणि पारितोषिक वितरणात जाहीर केले जातात. मतदारांनी खेळ पाहिलाच नाही, हा अमेरिकेतील नेहमीचा आक्षेप येथे संभवत नाही, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. मात्र जो त्या स्पर्धेत पोहोचलाच नाही, किंवा पोहोचून दोन सामन्यांत परतला, त्याच्यासाठी या पद्धतीत जागा नाही.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या बाजूने

अशा खेळाडूंचा विचार करायचा तर चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांकडे पाहावे लागते. पूर्वीच्या विस्तीर्ण चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. गडचिरोली या जिल्हा मुख्यालयापासून दक्षिणेकडील सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. आदिवासी विकास विभागाच्या गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर व चिमूर या प्रकल्पांतील आश्रमशाळांत कबड्डी आणि खो-खो हे नित्याचे खेळ आहेत. त्यांना साहित्य लागत नाही. दोन खांब आणि चुन्याच्या रेषा एवढ्यावर खो-खोचे मैदान तयार होते. अनवाणी धावण्याची सवय, चपळ शरीर आणि वसतिगृहामुळे वर्षभर एकत्र राहणारा संघ ही या शाळांची बलस्थाने आहेत. साखळी जमायला जो सहवास लागतो, तो येथे आयताच मिळतो.

तरीही येथील खेळाडूला सर्वोत्कृष्ट पुरस्काराच्या चर्चेपर्यंत पोहोचण्याची वाट लांबची आहे. ती कशी, हे स्पर्धांच्या रचनेवरून कळते. शालेय क्रीडा स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात. चंद्रपूर व गडचिरोली नागपूर विभागात मोडतात. या वाटेने गेलेला विद्यार्थी अखेरीस महाराष्ट्राच्या शालेय संघातून खेळतो. संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धांत मात्र विदर्भ हा महाराष्ट्राहून वेगळा घटक आहे. कोल्हापूरचाही स्वतंत्र संघ असतो. म्हणजे तोच खेळाडू शाळेकडून महाराष्ट्राचा आणि संघटनेकडून विदर्भाचा. राजे संभाजी किंवा राणी अहिल्या हे महाराष्ट्राच्या राज्य स्पर्धेतील पुरस्कार त्याच्या वाट्याला येऊ शकत नाहीत, कारण ती स्पर्धा त्याची नव्हे. त्याने एकलव्य मिळवायचा तो विदर्भाकडून खेळून, आणि तेथे समोर महाराष्ट्र, रेल्वे, कोल्हापूर, विमानतळ प्राधिकरण यांसारखे तगडे संघ असतात. महाराष्ट्राचेच कित्येक उत्तम खेळाडू नोकरीमुळे रेल्वेकडून खेळतात, ही त्यातली आणखी एक गंमत. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून संघ निवडला जातो आणि नागपूर, अमरावती यांसारख्या शहरांत खेळाच्या जुन्या संस्था आहेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. अशा परंपरेच्या शेजारी अहेरी किंवा एटापल्लीच्या मुलाला आपली जागा मिळवायची असते.

ऋतूही आड येतो. शालेय स्पर्धांच्या तालुका व जिल्हा फेऱ्या पुष्कळदा पावसाळ्यातच घेतल्या जातात. त्या दिवसांत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. स्पर्धेची तारीख पुराला विचारून ठरत नाही. जो संघ वेळेवर पोहोचू शकला नाही, त्याच्या नावापुढे तक्त्यात फक्त 'अनुपस्थित' लिहिले जाते. त्यातला एखादा संरक्षक तीन मिनिटे हाती लागत नसे, हे कोणाला कळणार?

तुलनेसाठी मैदानी स्पर्धांचे उदाहरण घेता येईल. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूर येथील क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. शंभर मीटर कोण आधी धावला, गोळा कोणाचा दूर गेला, हे घड्याळ आणि फीत सांगतात. कोठलाही धावपटू कोठल्याही गावचा असो, त्याचा वेळ त्याच्या नावावर लागतो आणि दुसऱ्या जिल्ह्यातील वेळेशी थेट ताडून पाहता येतो. खो-खोपटूला असा स्वतःचा आकडा नाही. त्याची दोन मिनिटे कोणाविरुद्धची, हे सांगितल्याशिवाय त्या दोन मिनिटांना अर्थ येत नाही. दुबळ्या संघातील उत्तम खेळाडूवर सांघिक खेळ जो अन्याय करतो तो हेतुपूर्वक नसतो, पण तो टळतही नाही.

२०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठातून त्याकडे आली. त्यापूर्वी येथील महाविद्यालयीन खेळाडूला विद्यापीठाच्या संघात येण्यासाठी नागपूरच्या महाविद्यालयांशी स्पर्धा करावी लागे. आता पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत या दोन जिल्ह्यांचा स्वतःचा संघ उतरतो. निवडीची एक पायरी घराजवळ आली, हा लहानसा पण खरा बदल आहे.

पुरस्काराचे व्यावहारिक मूल्य

'हे सारे एका स्मृतिचिन्हासाठी कशाला?' असे वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडू विद्यार्थ्यांना वाढीव गुणांची सवलत आहे. या दोहोंसाठी स्पर्धेची पातळी, सहभाग आणि मिळवलेले स्थान पाहिले जाते, म्हणजेच निकष मुख्यतः संघाच्या यशाशी बांधलेले आहेत. संघ चौथा आला तर त्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूही चौथाच ठरतो. दुबळ्या संघातील गुणी खेळाडूला संघापासून वेगळे काढून दाखवणारे साधन वैयक्तिक पुरस्काराखेरीज फारसे नाही. त्याच्या आधारे रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या संघाचे लक्ष खेळाडूकडे जाऊ शकते. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात, जेथे पगारी नोकरीच्या संधी मोजक्याच आहेत, तेथे या गोष्टीचे महत्त्व पुण्या-मुंबईहून अधिक आहे. म्हणून तेथे चालणारी 'कोणाला मिळायला हवा होता' ही चर्चा निव्वळ हौसेची नसते.

राज्य शासनाचा शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार १९६९-७० पासून दिला जातो. त्यासाठी खेळाडूच्या अनेक वर्षांच्या कामगिरीचे गुणांकन केले जाते. एका स्पर्धेतील झळाळीपेक्षा सातत्याला महत्त्व देणारी ती पद्धत आहे. तिच्यातही संघाच्या क्रमांकाचा वाटा मोठा राहतोच.

अर्जुन पुरस्कार आणि खो-खो

खो-खोमधील पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली सुधीर परब यांना मिळाला. पुढच्या वर्षी अचला देवरे यांना, त्यानंतर भावना पारीख, नीलिमा सारोळकर, श्रीरंग इनामदार, उषा नगरकर आदींना तो मिळत गेला. १९७० चे दशक या खेळासाठी मानाचे ठरले. १९८१ मध्ये सुषमा सारोळकर व हेमंत टाकळकर हे मानकरी होते. नंतर वेग मंदावला. १९९८ मध्ये शोभा नारायण यांना पुरस्कार मिळाल्यावर खो-खोच्या वाट्याला तो पुन्हा यायला २०२० साल उजाडले. त्या वर्षी धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांचा गौरव झाला. २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२३ चा पुरस्कार दिल्लीच्या नसरीन शेख यांना मिळाला.

मधल्या बावीस वर्षांत राष्ट्रीय स्पर्धा होत होत्या आणि त्यांत सर्वोत्कृष्ट खेळाडूही निवडले जात होते. त्यांपैकी एकालाही अर्जुन मिळाला नाही, याचे मुख्य कारण असे दिसते की अर्जुन पुरस्काराच्या निवडीत आंतरराष्ट्रीय कामगिरीला मोठे वजन आहे आणि खो-खोला त्या काळात आंतरराष्ट्रीय स्पर्धाच फारशा नव्हत्या. एका पिढीच्या खेळाडूंचा ऐन उमेदीचा काळ या पोकळीत गेला.

अलीकडील बदल

२०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली. तीत खेळाचे काही नियम बदलले. पाळी सात मिनिटांची झाली, कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला 'वजीर' आला, सूर मारून किंवा खांबावर बाद केलेल्या गड्याला साध्या स्पर्शापेक्षा अधिक गुण मिळू लागले आणि संरक्षकांची तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली तर तिला 'ड्रीम रन'चे गुण मिळू लागले. पुरस्कारांच्या दृष्टीने यातील शेवटचा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. संरक्षणाची मिनिटे प्रथमच थेट धावफलकावर आली आणि मिनिटे व गडी यांच्या विनिमयाचा दर, निदान त्या लीगपुरता, नियमानेच ठरवून दिला. सूर व खांब यांना जादा गुण दिल्याने मात्र खांबाजवळचा खेळाडू पूर्वीपेक्षाही अधिक उठून दिसू लागला आणि अचूक खो देणाऱ्याचा रकाना कोराच राहिला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यांत भारतीय महिलांनी नेपाळचा ७८-४० असा आणि पुरुषांनी नेपाळचाच ५४-३६ असा पराभव केला. प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. या स्पर्धेत सामन्यागणिक सर्वोत्कृष्ट आक्रमक, सर्वोत्कृष्ट संरक्षक आणि सामनावीर असे तीन वेगळे पुरस्कार देण्यात आले. मिनिटे आणि गडी यांची बेरीज करण्याचा खटाटोप टाळून दोन कसबांचा स्वतंत्र सन्मान करण्याची ही पद्धत अधिक न्याय्य म्हणता येईल. तरी तिसरा पुरस्कार ठेवावा लागलाच. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतही एकलव्य व राणी लक्ष्मीबाई हे पुरस्कार प्रत्येकी एकाच खेळाडूला दिले जातात.